घरातलं वाळवण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पाणी निघून जाण्याला आपल्या भाषेत बरेच शब्द आहेत. विहीर आटते, घसा सुकतो, फूल कोमेजतं, कपडे वाळतात. प्रत्येकाची जाण्याची तऱ्हा वेगळी म्हणून शब्दही वेगळा. उलट दिशेनं जाणारा एक शब्द मात्र मला फार आवडतो. तो म्हणजे सादळणं. पापड सादळतो, चिवडा सादळतो, काडेपेटी सादळते. कुणी त्यावर पाणी ओतलेलं नसतं. पापड बिचारा डब्यात निमूट बसलेला असतो आणि हवाच त्याला पाणी पाजते. आमच्या घरी उर्दूत ‘सील गया’ म्हणतात.

हवा पाणी पाजते तशी ती पाणी पितेही. तिनं ते प्यावं म्हणून आपण जी खटपट करतो, तिला वाळवण म्हणायचं. उन्हाळ्यातलं पापड-कुरडयांचं वाळवण तुम्हां सर्वांच्या परिचयाचं आहे. त्याला गच्ची लागते, ऊन लागतं आणि कावळे हाकायला एखादं पोर लागतं. आज मी बोलणार आहे ते त्याहून अवघड वाळवणाबद्दल. महिना जुलैचा, गाव नवी मुंबई, सूर्य आठवडाभर बेपत्ता, आणि दारच्या झाडाची पानं घरातच वाळवायची आहेत. कशी वाळवाल?

हा प्रश्न मला पडला तो मेंदीमुळे. नेरुळला आमच्या घरासमोर हातभर मातीचा तुकडा आहे आणि त्यात मेंदीचं एक झुडूप आहे. माझ्या भाचीचा निकाह ऑगस्टमध्ये ठरला. आता लग्नघरात मेंदी हा काही चर्चेचा विषय नसतो. बाजारात कोन मिळतात, मुली येतात, रात्र जागते. पण या मुलीच्या बाबतीत तो चर्चेचा विषय होता. चार वर्षांपूर्वी एका लग्नात कुणीतरी तिच्या हातावर काळी मेंदी काढली होती. तासाभरात काळाकुळकुळीत रंग, सगळ्यांनी वाहवा केली. तिसऱ्या दिवशी मनगटापर्यंत फोड आले. नक्षी जशी काढली होती तशीच्या तशी, फक्त फोडांची. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही मेंदी नव्हेच. केस काळे करण्याच्या कलपात पीपीडी नावाचं रसायन असतं, ते यात मिसळलेलं असतं. खऱ्या मेंदीचा रंग आधी नारिंगी येतो आणि एक-दोन दिवसांत हवा लागून गडद तपकिरी होतो. तासाभरात काळी होणारी मेंदी कुठल्याच झुडपाला येत नाही. आणि एकदा या रसायनाचं शरीराशी वैर झालं की ते जन्मभराचं असतं.

तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीनं, आपानं, जाहीर केलं की बाजारची मेंदी या घरात येणार नाही. मुलगी काही बोलली नाही. पण नवरीचे हात कोरे राहणार हे तिला किती लागलं होतं, ते तिच्या न बोलण्यातूनच कळत होतं. मग डॉक्टरांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, नुसत्या पानांची मेंदी चालेल, पण आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपकाभर लावा आणि दोन दिवस वाट बघा. आपानं मला फोन केला. म्हणाली, “तुझ्या दारात झाड आहे ना? मग पावडर तू करायची.”

तुम्ही म्हणाल, पावडर कशाला? पाट्यावर ओली पानं वाटा आणि लावा. आमच्या आजीच्या काळी तेच होतं. तळहातावर एक मोठा गोल, बोटांच्या टोकांना टोप्या, झाली मेंदी. पण आजच्या मुलींना मोर हवा, जाळी हवी, बारीक वेल हवी. वाटलेला पाला कितीही घोटला तरी त्यात रेषा राहतातच आणि त्या कोनाच्या बारीक तोंडात अडकतात. त्यासाठी पान कडकडीत वाळलेलं हवं, मग दळायचं आणि मलमलीतून गाळायचं. अर्धा किलो पावडर म्हणजे नवरीचे हातपाय आणि करवल्यांची हौस. त्यासाठी दोन किलो ओली पानं लागतात. झुडपाला पावसाळ्यात भरपूर पालवी फुटते, त्यामुळे पानांची वाण नव्हती. वाण होती ती कोरड्या हवेची.

इथे थोडं गणित करू या. मी कलाशाखेचा बी. ए., त्यामुळे घाबरू नका, भागाकारापलीकडे मी जात नाही. दोन किलो पानं वाळून अर्धा किलो होणार, म्हणजे दीड किलो पाणी बाहेर काढायचं आहे. ते पाणी नाहीसं होत नसतं, ते खोलीतल्या हवेत जातं. आपली दहा बाय बाराची साधी खोली घ्या. तिच्यात सुमारे तीस घनमीटर हवा असते. हवेच्या पोटात किती पाणी मावेल हे तिच्या उष्णतेवर ठरतं. अठ्ठावीस अंशाला एका घनमीटरमध्ये साधारण सत्तावीस ग्रॅम मावतं. जुलैत आपल्याकडे आर्द्रता नव्वद टक्के असली, म्हणजे त्यातलं साडेचोवीस ग्रॅम आधीच भरलेलं असतं. उरली जागा पावणेतीन ग्रॅमची. अख्ख्या खोलीच्या हवेत मिळून फार तर ऐंशी ग्रॅम. दीड किलो पाणी आणि ऐंशी ग्रॅमची जागा! म्हणजे खोलीतली सगळीच्या सगळी हवा किमान अठरा वेळा बदलायला हवी, तीही प्रत्येक वेळी काठोकाठ भरून बाहेर गेली तर. प्रत्यक्षात ती तशी भरत नाही, म्हणून त्याच्या कितीतरी पट जास्त वेळा.

हाच हिशेब डिसेंबरच्या दुपारचा करा. तीस अंश उष्णता, आर्द्रता पन्नास टक्के. त्याच खोलीत साडेचारशे ग्रॅम पाणी सहज मावतं. चार वेळा हवा बदलली की काम झालं. पान तेच, खोली तीच, माणूस तोच. म्हणून जुलैत पानं काळी पडली तर हाताला दोष देऊ नये.

आर्द्रता मोजायला मी तीन-चारशे रुपयांचं एक यंत्र आणलं. तळहातावर मावेल एवढं घड्याळासारखं असतं. आमच्या एका कविमित्रानं ते पाहून विचारलं, “आता शब्दांची आर्द्रता मोजणार का?” त्याला मी चहा दिला आणि गप्प बसवलं. अशा स्वस्त यंत्रावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी लागते, आणि ती घरच्या मिठानं घेता येते. एका वाटीत मीठ घ्यायचं, दोन-चार थेंब पाणी घालून ते ओलसर करायचं, विरघळू द्यायचं नाही. ती वाटी आणि यंत्र एका घट्ट झाकणाच्या डब्यात सात-आठ तास ठेवायचं. आतल्या हवेची आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर येऊन थांबते. यंत्र ऐंशी दाखवत असेल तर ते पाचनं पुढे आहे, एवढं लक्षात ठेवायचं. आमचं तीननं पुढे होतं.

मला या मिठाची मोठी गंमत वाटली. ज्या जमिनीवर नवी मुंबई उभी आहे, तिथे आणि खाडीच्या काठाकाठानं मिठागरं होती. उरणकडे अजूनही ती दिसतात. मिठागराचं काम पाऊस जवळ आला की संपतं, कारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर हवा गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. खडेमीठ तर त्याच्याही आधी, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते फार तहानलेले असतात. स्वयंपाकघरात बरणीतलं खडेमीठ ओलं झालं की आमची आई म्हणायची, “आता काही वाळत घालू नका.” तिच्याकडे यंत्र नव्हतं, पण आकडा तिला ठाऊक होता असंच म्हणायला हवं. बुरशीलाही साधारण तेवढीच हवा लागते. सत्तरच्या वर आर्द्रता आणि दोन-तीन दिवसांचा निवांतपणा मिळाला की ती धरतेच.

आता लोकांनी दिलेले सल्ले. शेजारी म्हणाले, ओव्हनमध्ये टाका. दुसरे म्हणाले, इस्त्री फिरवा. तिसरे म्हणाले, गॅसवर तवा तापवून परता. या सगळ्यांच्या मनात एकच समजूत आहे की वाळवणं म्हणजे तापवणं. पानाच्या बाबतीत ती घातक ठरते. कडक उष्णतेत पान बाहेरून कुरकुरीत होतं आणि आत शिरेत, देठात पाणी तसंच राहतं. शिवाय वास उडतो, रंग उडतो. आयुर्वेदात वनस्पतीला ‘छायाशुष्क’ करायला सांगतात, युनानी हकीमही पानं सावलीतच वाळवायला सांगतात, ते उगाच नव्हे. पुदिना, तुळस, गवती चहा, मेंदी, कुठलंही पान घ्या, त्याला ऊन नको असतं. त्याला वारा हवा असतो, आणि तोही अंगावर येणारा नको, बाजूनं जाणारा हवा.

फार सावकाश वाळणंही वाईटच. पान तोडलं म्हणजे लगेच मरत नाही. ते श्वास घेत राहतं, ऊब सोडतं, पाणी सोडतं. ढीग करून ठेवलेल्या पाल्यात हात घालून बघा, आत गरम लागतं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पानं काळपट आणि बुळबुळीत झालेली असतात. अशा पानांची पावडर तपकिरी होते आणि हातावर रंग धरत नाही. म्हणजे घाई केली तरी बिघडतं, रेंगाळलं तरी बिघडतं.

कोकणातल्या जुन्या घरात ही अडचण इतकी नव्हती. नळीच्या कौलांचं छप्पर जागोजागी श्वास घेतं. चुलीच्या वर माळा असायचा आणि त्या माळ्यावर पावसाळाभर ऊब आणि धूर पोचायचा. बियाण्याची कणसं, आमसुलं, सुकी मासळी सगळं तिथे सुखरूप राहायचं. खालून गरम हवा वर जाते आणि कौलांच्या फटींतून पाणी घेऊन बाहेर पडते. कुणी ती योजना आखली नव्हती, पण यंत्र म्हणून ती चोख होती. आपल्या स्लॅबच्या घराला ना माळा, ना चूल, ना फट.

मला उत्तर सापडलं ते कांद्यानं दिलं. जुलैत तुर्भ्याच्या बाजार समितीत जो कांदा येतो तो एप्रिल-मेमध्ये काढलेला असतो. नाशिक, पुणे, नगरकडचा शेतकरी तो कांदाचाळीत ठेवतो आणि ऐन पावसात त्यातूनच काढून पाठवतो. पाऊस त्याच्याकडेही पडतो, मग कांदा टिकतो कसा? कांदाचाळ कधी पाहिली असेल तर आठवा. तिची जमीन खऱ्या जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली असते, बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांची, मध्ये फटी ठेवलेली. भिंतीही फटींच्याच. हवा खालून शिरते, कांद्यांमधून वर जाते, बाजूनं बाहेर पडते. कांद्याची रास फार उंच करत नाहीत, कारण मधल्या कांद्याचा जीव घुसमटतो. राजगुरूनगरला कांद्या-लसणाची केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ सांगतात की कांद्याला पंचवीस ते तीस अंश उष्णता आणि पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता मानवते. पुन्हा तोच सत्तरचा उंबरठा. कांदा ठेवायचा असतो आणि पान वाळवायचं असतं, हा फरक आहेच. पण खालून हवा द्यावी ही गोष्ट दोघांनाही लागू.

घरी एक जुनी खाट होती. तिच्या सुंभावर आम्ही मच्छरदाणीचं कापड ताणून बांधलं. तीच आमची कांदाचाळ. पाऊस सकाळी दहाच्या सुमारास थांबला तेव्हा पानं खुडली, पाण्यातून काढली, सुती चादरीवर पसरून पंख्याखाली तासभर ठेवली, म्हणजे अंगावरचं पाणी गेलं. मग खाटेवर एकेरी थर. पानावर पान आलं तर हरकत नाही, पण खालची जाळी मधून मधून दिसली पाहिजे. टेबलफॅन जमिनीवर ठेवला आणि त्याचं तोंड भिंतीकडे केलं. भिंतीवर आपटून वारा खाटेखालून फिरतो. पानं हललेली दिसत नाहीत, पण खाटेखाली हात धरला की गार लागतं. एवढाच वारा पुरतो. पानाभोवती त्यानं स्वतःच सोडलेल्या ओलाव्याचं पांघरूण साचतं; ते हलवत राहणं हे पंख्याचं काम. पंखा हवा कोरडी करत नाही, तीच हवा फिरवतो. बंद खोलीत नुसता पंखा लावला तर तासाभरात यंत्र ब्याण्णव दाखवायला लागतं आणि पुढे काहीच वाळत नाही.

म्हणजे दोनच मार्ग उरले. एक तर खिडक्या उघडून ओली हवा बाहेर घालवायची आणि बाहेरची आत घ्यायची. बाहेरचीच अठ्ठ्याऐंशीची असली तर हा व्यवहार फार किफायतीचा नाही. दुसरा मार्ग, खोली बंद करून हवेतलंच पाणी पिळून काढायचं. मी तो पत्करला. एसी नावाच्या वस्तूशी माझं फारसं सख्य नाही, पण त्याच्या रिमोटवर एक ‘ड्राय’ नावाचं बटण असतं ते बहुतेकांनी कधी दाबलेलं नसतं. त्यात गारवा कमी आणि पाणी काढण्यावर भर असतो. एसीची पाण्याची नळी मी एका बादलीत सोडली. खोलीत सव्वीस अंश आणि छप्पन टक्के, असं यंत्र संध्याकाळपर्यंत दाखवायला लागलं. सकाळी बादलीत सात लिटरच्या आसपास पाणी होतं. पानांतलं सगळं मिळून दीड लिटर. बाकीचं साडेपाच लिटर भिंतींचं, गाद्यांचं, पुस्तकांचं आणि दाराखालच्या फटीतून आत येणाऱ्या पावसाळ्याचं. ती बादली पाहून मी थोडा वेळ तिथेच बसलो. एवढ्या पाण्यात आपण झोपतो! विजेचं बिल आलं ते मात्र मी आपाला दाखवलं नाही.

छत्तीस तासांनी पान चुरगळलं की करकर आवाज येऊ लागला. पण पान करकरलं म्हणजे वाळलं असं नव्हे. देठ बघायचा. तो वाकला तर आत पाणी आहे, कट्कन मोडला तर नाही. त्यानंतरही एक परीक्षा असते. पानं काचेच्या बरण्यांत भरायची, झाकण लावायचं आणि रात्रभर ठेवायची. शिरांमध्ये दडलेलं पाणी या वेळात बाहेर येतं आणि सगळ्या पानांत पसरतं. आम्ही तीन बरण्या भरल्या आणि आळीपाळीनं प्रत्येकीत ते यंत्र ठेवून पाहिलं. दोन बरण्यांत अठ्ठावन्न, तिसरीत एकाहत्तर. तिसरी उघडली तर पानं हाताला मऊ लागली. त्यात कोवळ्या काड्या राहिल्या होत्या. ती बरणी पुन्हा खाटेवर रिकामी केली. तशीच दळली असती तर निकाहाच्या आठवड्यात डब्यात बुरशीचा पांढरा कापूस निघाला असता, आणि तोही त्या मुलीच्या हातांसाठी ठेवलेल्या डब्यात.

कोपरावरचा ठिपका दोन दिवसांनी स्वच्छ नारिंगी-तपकिरी होता, खाज नाही, सूज नाही. निकाहाच्या आदल्या रात्री तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत वेल चढली. आपानं सारखं वाकून बघणं काही सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा पहिलं वाक्य होतं, “काही झालं नाही रे.”

आता मेंदी बाजूला ठेवू. कारण हे सगळं करताना मला दिसलं की आपल्यापैकी बहुतेकजण पावसाळाभर घरात वाळवण करतच असतात, फक्त त्याला वाळवण म्हणत नाहीत. कपडे! मशीनमधून पिळून निघालेल्या एका बादलीभर कपड्यांत दोन-अडीच लिटर पाणी सहज असतं. मेंदीच्या पानांहून जास्त. ते आपण झोपायच्या खोलीत दोरीवर टाकतो, खिडकी लावतो, पंखा सोडतो आणि झोपतो. आमच्या मागच्या गल्लीत एक लहान मुलगा आहे, दर पावसाळ्यात त्याची छाती वाजते. त्याच्या आईला मी हे यंत्र दोन दिवस वापरायला दिलं. रात्री खोलीत चौऱ्याण्णव. कपाटामागे हात घातला तर भिंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली. बुरशीच्या बीजाणूंनी दम्याचा त्रास वाढतो, हे डॉक्टर सांगतातच. कपड्यांची दोरी त्यांनी झोपायच्या खोलीतून काढून न्हाणीघरासमोर लावली, जिथे भिंतीत पंखा आहे आणि तो हवा बाहेर फेकतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. मुलाचं औषध चालूच आहे, डॉक्टरांनी ते बंद करायला सांगितलेलं नाही. पण यंत्र रात्री त्र्याहत्तर दाखवतं, आणि त्या आईला आता ते मला परत द्यायचं नाही.

यात घरं बांधणाऱ्यांचा वाटा आहे आणि राहणाऱ्यांचाही. नवी मुंबईची कल्पना ज्यांनी 1960च्या दशकात मांडली, त्या तिघांपैकी एक चार्ल्स कोरिया. त्यांनी बेलापूरला 1980च्या दशकात जी वसाहत केली, तिच्यात सात-सात घरांचे पुंजके आणि मध्ये अंगण अशी रचना आहे. सिडकोच्या जुन्या बैठ्या घरांतही पुढचं दार आणि मागचं दार उघडलं की वारा आरपार जायचा. मग आपण मागचं अंगण झाकलं, तिथे स्वयंपाकघर वाढवलं. गॅलरीला काच लावली. जागा मिळाली यात शंका नाही, माणसं वाढतात तर घर वाढणारच. पण सरकत्या काचेची खिडकी कितीही मोठी दिसली तरी उघडते अर्धीच. आणि एकाच बाजूला खिडकी असलेल्या खोलीत वारा येत नाही, कारण त्याला जायला वाट नसते. समोरच्या भिंतीत वर एक लहानसा झरोका असला तरी फरक पडतो.

कोरड्या महिन्यांत मात्र ही हवाच आपली मैत्रीण असते, फक्त तिची वेळ सांभाळावी लागते. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो आणि परीक्षेबरोबर विसरलो. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. डिसेंबरात पहाटे पारसिकच्या डोंगराकडून जी गार झुळूक येते ती मतलई. ती अंगाला दमट वाटते, यंत्रही बाहेर ऐंशी दाखवतं, म्हणून लोक खिडकी लावून घेतात. पण सतरा अंशाची ती हवा सव्वीस अंशाच्या घरात शिरून तापली की तीच अठ्ठेचाळीस टक्क्यांची होते. म्हणून हिवाळ्यात पुदिना, मेथी, गवती चहा वाळवायचा तर पहाटे पूर्वेची खिडकी उघडावी. दुपारचा पश्चिमेचा वारा जोरात असला तरी खाडीचं पाणी घेऊन आलेला असतो.

हे दिवाळ्याच्या कोळीवाड्यातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. बोंबील हा मासा जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतो. तो त्या जोडीजोडीनं जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर टांगतात, जमिनीवर पसरत नाहीत, म्हणजे चारही बाजूंनी वारा लागतो. तिथे सुकी मासळी घेताना मी एका मावशींना विचारलं की बोंबील वाळला हे कसं ओळखता. त्या म्हणाल्या, “भाऊ, वलांडीखाली उभं राहायचं. वाळला की वाजतो.” खरंच, वाऱ्यावर वाळलेले बोंबील एकमेकांवर आपटून खडखडतात. यंत्राची गोष्ट मी त्यांच्यापाशी काढली नाही.

मेंदीची उरलेली पावडर तीन लहान बाटल्यांत भरली आहे, मोठ्या एका डब्यात नाही, कारण पावसाळ्यात डबा जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा ती सादळते. बाटल्या काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवल्या आहेत. आपाची धाकटी मुलगी बारावीला आहे. पण आपानं आत्ताच बजावून ठेवलं आहे की झाड तोडायचं नाही.